मारुतरावांनी तोललेली काठी

निगडीच्या मारुतरावांना जगात एकच शहाणा माणूस माहीत होता, आणि तो त्यांना रोज दाढी करताना आरशात भेटे. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात गाड्यांची चाकं तोलली. चाक फिरवायचं, हलकी बाजू हेरायची, तिथं शिशाची पट्टी चिकटवायची. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. शेजाऱ्याचा पंखा डुगडुगतो, जावयाची चाल डुगडुगते. सगळ्यांचा उद्धार करून झाला, की रविवारी ते भामा नदीवर गळ टाकायला जात.

पण मनगटाचं ऑपरेशन झालं आणि गळ फेकला की हात सुजू लागला. बायकोनं, शालनबाईंनी, बजावलं, "आता एकदा जरी सूज दिसली, तर काठी भंगारात. मी शेकत बसणार नाही."

रविवार गेला, तर मारुतरावांकडे उरलं काय असतं? घरात त्यांचं ऐकत होतं कोण? त्यांनी काठी तोलायला घेतली. दोरा गुंडाळायचं रीळ काढलं, काठी बरोबर मध्यावर दोरीनं टांगली. मुठीची बाजू खाली गेली.

"बनवणारे गाढव!" म्हणत त्यांनी शेंड्याला शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या. काठी आडवी, स्थिर झाली.

नदीवर महाळुंग्याचे सयाजी आधीच गळ टाकून बसले होते. "राव, काठीला दागिनं घातलं व्हय?"

"तुम्हाला नाही कळायचं. बॅलन्स आहे हा."

मारुतरावांनी झोकात गळ फेकला. जड शेंडा खाली खेचला गेला, गळ पायाशीच पडला आणि मनगटातून कळ गेली.

"मासा चपलेखाली हाय का?" सयाजींनी विचारलं.

मारुतराव पाठ फिरवून बसले. काठी मध्यावर धरतं तरी कोण? ती फिरते ती मुठीत. त्यांनी शेंड्याच्या पट्ट्या गुपचूप सोलल्या. रीळ जागेवर ठेवून, त्याच्या जरा पुढं बोटावर काठी तोलली आणि मुठीमागच्या शेपटाकडं एकेक पट्टी लावत गेले. शेंडा अलगद वर आला. पुन्हा फेकला. गळ थेट पात्राच्या मधोमध पडला, मनगट गप्प.

संध्याकाळी शालनबाईंनी मनगट दाबून पाहिलं. सूज नव्हती. "राहू दे काठी. सयाजींनी काही सांगितलं वाटतं?"

"त्या अडाण्याला काय कळतंय!"

पुढच्या रविवारी त्यांच्या खिशात जादा पट्ट्या होत्या. सयाजींची काठी फारच डुगडुगत होती.