इंजिनावर हात ठेवणारा

सुरतेतल्या डिंडोलीत एक मेकॅनिक आहे. आमची गाडी सोळा वर्षांची, त्यामुळे त्याच्याकडे जाणं नेहमीचंच. तिथं सगळ्या जुन्याच गाड्या येतात. कोणाचं इंजिन काळा धूर सोडतं, कोणाचं चढावर धापा टाकतं. मालक तक्रार सांगू लागला की हा हातातलं काम ठेवून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो. मग बॉनेट उघडून चालू इंजिनावर पंजा टेकवतो आणि डोळे मिटतो. "एवढं मन लावून ऐकणारा मेकॅनिक अख्ख्या सुरतेत नाही," असं आमचे हे सगळ्यांना सांगत असतात.

परवा यांना ताप होता, म्हणून गाडी मीच हळूहळू नेली. तो पाठमोरा बसला होता. "दादा, गाडी सिग्नलला फार थरथरते हो," असं मी तीनदा म्हटलं. तो आपला पाना पुसतोय! समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकला. मग कसनुसा हसला.

"मावशी, अठरा वर्षं कापडाच्या कारखान्यात खडखडणारा लूम चालवला. कान तिथंच राहिले. हात तेवढे घेऊन आलो."

त्याने इंजिनावर पंजा ठेवला आणि मिनिटभरात सांगितलं, "इंजिनाखालचं रबर बसलंय." निघालंही तेच.

निघताना म्हणाला, "कोणाला बोलू नका हां. बहिऱ्याकडे कोण गाडी आणणार?"

म्हणून त्याचं नाव, गल्ली काही लिहीत नाही. हे अजून त्याच्या ऐकण्याचं कौतुक करतात, मी "खरंय हो" म्हणते. माझं लिहिलेलं हे कधी वाचत नाहीत, ते एक बरं आहे.