बुटांच्या खाचांतले कृमी

मँचेस्टरच्या आमच्या लॅबमध्ये अंटार्क्टिकाची माती गोठवून ठेवलेली असते. तिथे कुठल्या भागात कोणते सूक्ष्म जीव राहतात त्याचा नकाशा आम्ही करतो. माती भिजवून मायक्रोस्कोपखाली ते जीव ओळखणं हे माझं काम. किनाऱ्यापासून लांब, बर्फाने वेढलेल्या डोंगरांवर फारसं काही सापडत नाही. म्हणून अशाच एका डोंगराच्या मातीत भरपूर सूत्रकृमी वळवळताना दिसले, तेव्हा मला आनंद झाला नाही. ते पेंग्विनांच्या वस्तीजवळच्या ओल्या मातीत राहणाऱ्या जातीचे होते.

मी माझी भांडी तपासली, पाणी तपासलं. सगळं स्वच्छ. मग संशय आला तो माती आणणाऱ्यावर.

तो माझा सहकारी, इंग्लंडमधल्याच रीडिंग गावी जन्मलेला, मराठी आईवडिलांचा. माझ्याशी मात्र हट्टाने मराठीच बोलायचा, चुकत चुकत. किचनमध्ये चहा करताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "त्या डोंगरावर चढताना त्रास झाला का रे?"

"इट वॉज फाइन," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं इंग्रजीतच बोलला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. हा वर गेलाच नसेल. वारा सुटला असेल, कंटाळा आला असेल, किनाऱ्यावरचीच माती पिशवीत भरून मोकळा झाला असेल.

मी त्याच्याकडे फोटो मागितले. त्याने लगेच पाठवले. फोटोत तो खरोखर वर उभा होता, हसत. मला ओशाळल्यासारखं झालं, तरी मी फोटो मोठा करून पाहिला. आजूबाजूला कोरडी करडी रेती आणि त्याच्या बुटांना काळपट चिखल.

मी त्याच्याकडे गेले. "ते बूट अजून आहेत ना तुझ्याकडे?"

"ताई, माझी बूट कशाला पाहिजे तुला?"

"खाचांतला चिखल बघायचाय."

तो खुर्चीत बसला. "पेंग्विनच्या इथून सरळ वर गेलो, बूट साफ नाही केली. हेलिकॉप्टर थांबला होता, सगळे हाका मारत होते. मला वाटलं, चिखलातली कृमी वरच्या थंडीत सगळी मरेल."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

त्याने उठून बूट आणून दिले.

तळाच्या खाचांतला वाळका चिखल मी पाण्यात भिजत घातला. दुसऱ्या दिवशी तेच कृमी हलायला लागले. आमच्या लॅबच्या प्रमुख बाईंना त्याने स्वतः जाऊन सांगितलं. मी दाराशी उभी होते. त्या डोंगराच्या मातीची नोंद नकाशातून काढून टाकली आणि पुढच्या मोहिमेतून त्याचं नाव गेलं.

त्याच्या बुटांतून वर डोंगरावर किती कृमी झडले, ते जगले की मेले, कोणालाच माहीत नाही. आता नकाशावर कुठेही नवा ठिपका दिसला की मी आधी एवढंच विचारते, तिथे कोण गेलं होतं आणि त्याआधी कुठे होतं?