हललेले, नग चौतीस

चष्मा कपाळावर ढकलायचा, हातातली वस्तू नाकाच्या टोकापर्यंत आणायची, उजेडाकडे तिरकी करायची आणि मग डोळे न उचलता म्हणायचे, "होल्ड करा, मॅडम." तुमच्या कामाच्या ठिकाणी असा कोणी असेल तर तुम्हाला पुढचे सांगायची गरज नाही. नसेल, तर तुमचे नशीब.

निघोज्याच्या आमच्या कंपनीत असे एक गृहस्थ होते. बाहेरून येणारा माल तपासून घ्यायचे काम त्यांच्याकडे होते. तो माल मागवायचे काम माझ्याकडे. माझ्या रोजच्या यादीत बारा ओळी असत आणि त्यांतल्या निदान चार त्यांच्यामुळे संध्याकाळपर्यंत तशाच राहत. लाइन थांबलेली, वरून फोन, पुरवठादार गेटवर हात जोडून उभा, आणि हे एक वॉशर बोटावर फिरवत बसलेले.

"अहो, हजारात एखादा निघतो असा."

"तो एखादाच ज्याच्या गाडीत बसंल, त्याला काय सांगू मी? बाकीचे नवशे नव्व्याण्णव चांगले हायेत म्हणू?"

ते उदगीरकडचे. तीस वर्षे आकुर्डीत राहूनही बोलणे तिकडचेच. "घाई कशाला करायलाव, मॅडम?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की ते बोलायच्या आधीच मला राग यायचा. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेसाठी आणलेले नारळसुद्धा त्यांनी कानाशी हलवून पाहिले आणि दोन बाजूला काढले. भटजी बघत राहिले. फोडल्यावर ते दोन्ही नासके निघाले. हे सगळ्यांत वाईट होते. ते कधी चुकत नसत.

त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेला एक छोटा डिजिटल कॅमेरा असे. आमच्याकडे गेटवरच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, आत फोटो काढायची कोणालाच मुभा नाही. फक्त खराब मालाचा पुरावा म्हणून कंपनीचा हा एक कॅमेरा, आणि तो फक्त त्यांच्याकडे. तडा गेलेला भाग पांढऱ्या कागदावर ठेवायचा, शेजारी स्टीलची पट्टी, सावली पडू द्यायची नाही, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचे. फोटो असे स्वच्छ येत की पुरवठादार भांडायलाच येत नसे. फोटो जरा हलला तर ते पुन्हा काढत. "हललेला फोटो म्हणजे खोटी साक्ष," असे म्हणत.

आता माझ्या कॅमेऱ्याकडे येते.

माझे वडील, अण्णा, आई गेल्यापासून आमच्याकडे संत तुकाराम नगरमध्ये राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली, आणि आयुष्यभर तंबाखू खाल्ली. खालच्या जबड्यातली जखम बरी होईना तेव्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर जबड्याचे चित्र काढून त्यातला एक तुकडा पेनने खोडून दाखवला. एवढा भाग काढावा लागेल. माणूस वाचेल, चेहरा बदलेल. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

मी घरी येऊन यादी केली. रक्तदाते, विम्याचे कागद, मऊ जेवणाचे पदार्थ, रजा. सातव्या ओळीवर लिहिले: अण्णांचे फोटो. पाहुण्यांसमोर बसवून काढलेले नव्हे. चहा पिताना, पेपर वाचताना, टीव्हीतल्या पुढाऱ्याशी भांडताना. आहेत तसे.

फोनने काढून पाहिले. पण त्यांच्याकडे फोन धरला की अण्णांना वाटते माझ्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. "हॅलो! हॅलो! दिसत न्हाई रं!" म्हणत ते पुढे येतात आणि फोन ओढून कानाला लावतात. अण्णांच्या कानाचे माझ्याकडे अकरा फोटो आहेत. कॅमेरा मात्र त्यांना कळतो. मुले लहान असताना घेतलेला एक जुना छोटा कॅमेरा घरात होता, त्यासमोर ते निवांत असायचे. पण त्याची लेन्स आता अर्धी बाहेर येऊन अडकते आणि कुरकुर आवाज करते. मी पिंपरीत तीन दुकाने फिरले. सगळीकडे "फोनमध्येच काढा की ताई, कॅमेरा कोण घेतं आता?" तिसऱ्याने आतून एक खोका आणला. छोटा, नवा, खिशात मावेल असा. घेतला. सात दिवसांत बदलून मिळेल, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी तो आमच्या या तपासणीवाल्या गृहस्थांना दाखवला. का दाखवला, याचे उत्तर मी अजून शोधते आहे. बहुधा कौतुकासाठी. माणसाला कोणाकडून कौतुक हवे असते आणि ते आपण नेमके चुकीच्या माणसाकडे मागतो.

चष्मा कपाळावर गेला. त्यांनी खिडकीतून बाहेरचे काही फोटो काढले. बस मोशीच्या पुढे अडकली होती, समोर एका गोदामाची विटांची भिंत होती, तिचे चार काढले. मग पडद्यावर फोटो मोठा करत कोपऱ्याकडे सरकत गेले.

"डावा खालचा कोपरा मऊ हाय."

"मऊ म्हणजे?"

"विटा बघा. मधल्या मोजता येतेत, ह्या कोपऱ्यातल्या येत न्हाईत. लेन्स आत तिरकी बसलीय. होल्ड करा, मॅडम."

मी पाहिले. खरेच होते. एकदा पाहिल्यावर मला त्या कोपऱ्याशिवाय काही दिसेना.

होल्डवरचा माल वापरायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आणि तो मोडणाऱ्यांना मीच मेमो देते. मी कॅमेरा खोक्यात घातला, पिशव्या होत्या तशा दुमडल्या आणि दुकानात परत दिला. दुकानदाराने तो पुढे कॅमेऱ्याच्या कंपनीकडे पाठवला. "आठ दिवस, ताई." आठाचे दहा झाले. घरात अण्णा रोज चहा पीत होते, रोज पेपर वाचत होते, रोज टीव्हीशी भांडत होते, आणि माझ्या यादीतल्या सातव्या ओळीवर खूण होत नव्हती. मग हॉस्पिटलचा फोन आला. गाठ वाढते आहे, थांबायला नको, या शनिवारी घेऊ. तो मंगळवार होता.

बुधवारी सकाळी बसमध्ये शिरले. ते नेहमीच्या खिडकीशी होते. "आला का कॅमेरा बदलून?" त्यांनी विचारले.

माझा तोल गेला. "नाही आला! आणि आता येऊन उपयोग नाही! शनिवारी माझ्या वडिलांचा जबडा काढणार आहेत. मला त्यांचे फोटो हवे होते. ते काय कोपऱ्यात बसणार होते? मधे बसणार होते, मधे! तुमच्या त्या विटा घेऊन बसा!"

ड्रायव्हरने आरशात पाहिले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"तुमी सांगितलं न्हाई, मॅडम," एवढेच म्हणाले.

गुरुवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. हातात परतीच्या गेट पासचा फॉर्म होता. कंपनीची वस्तू तात्पुरती बाहेर न्यायची तर त्यावर माझी सही लागते. वस्तू: कॅमेरा. नग: एक. कारण: मॅडमच्या वडिलांचे फोटो.

"असं कारण लिहीत नाहीत," मी म्हटले.

"मग खोटं लिहू का?"

मी सही केली. त्या माणसाने इतक्या वर्षांत कंपनीची पेन्सिल घरी नेली नव्हती.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, ओठ मिटून, ओळखपत्रावरच्या फोटोसारखे ताठ बसले. यांनीही शेजारचा दिवा हलवला, सावली घालवली, श्वास रोखला आणि तीन फोटो काढले. मला रडू येईल असे वाटले. हे नको होते मला. हे तर तडा गेलेल्या भागाचे फोटो होते.

एवढ्यात अण्णांना त्यांच्या खिशातली स्टीलची पट्टी दिसली.

"इन्स्पेक्शनला का?"

"व्हय."

"तरीच! तुमी लोकांनी आमची जिंदगी खाल्ली राव." अण्णा पुढे सरकले. "आमच्यात एक होता तुमच्यासारखाच. सकाळी लेथवर केलेला माझा बुश रिजेक्ट केला. म्या काय केलं, संध्याकाळी त्योच बुश तेल लावून परत त्याच्याच हातात दिला. पास केला पठ्ठ्यानं!"

"त्यो इन्स्पेक्टर नसंल मग."

"होता की! चष्म्यावर चष्मा लावायचा! वर मला म्हनतो, 'हां, आता कसं जमलं? सकाळी बी असंच करायचं!'"

आणि अण्णा हसले. आजार कळल्यापासून घरात असे कोणी हसले नव्हते. मान मागे टाकून, मांडीवर थापा मारत, दुखत असतानाही, गालाला हात लावून पुन्हा हसले. ते गृहस्थही हसत होते, असे मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले, आणि हसता हसता त्यांचे बोट बटणावर पडत होते. खटक, खटक. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते आवाज ऐकले आणि मनातल्या मनात सातव्या ओळीवर खूण केली.

शनिवारी ऑपरेशन झाले. मी दोन आठवडे रजेवर होते. अण्णांना घरी आणले. खालचा ओठ आत ओढला गेला आहे, बोलणे फक्त मला समजते. आरसा त्यांनी स्वतःच भिंतीकडे वळवला.

सोमवारी कामावर रुजू झाले तर टेबलावर कागदांचा गठ्ठा. महिनाअखेर. पुरवठ्याच्या नोंदी, परतीच्या नोंदी, नाकारलेला माल नष्ट करायच्या मंजुऱ्या. मी वेगाने सही करते, त्याबद्दल माझे कौतुक होते. पाऊण तासात गठ्ठा संपवला, यादीत लिहिले: सह्या, झाले.

दुपारी त्यांनी एक पाकीट आणून दिले. त्यात तीन फोटो होते. इस्त्रीचा शर्ट, मिटलेले ओठ. चारही कोपरे स्वच्छ.

"बाकीचे?"

"बाकीचे हललेले होते, मॅडम. एक पण धड न्हाई. हसताना माणूस हलतो ना."

"हललेले असू देत. कुठे आहेत?"

"डिस्पोज केले. कंपनीच्या कॉम्प्युटरवर घरचे फोटो कसे ठेवायचे? पण मंजुरीशिवाय आपण काय काढून टाकत न्हाई. तुमच्या सहीसाठी दोन हप्ते थांबलो. आज सकाळी सही आली, जेवायच्या आधी काढून टाकले."

मी माझ्याकडे राहिलेल्या प्रतींचा गठ्ठा उपसला. होता तो कागद. वरून नववा. माल: फोटो, हललेले. नग: चौतीस. खाली माझी सही, नेहमीसारखी, एका झटक्यात. संगणक विभागात धावले. तिथून काही परत आले नाही.

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तपासणी खोलीच्या काचेबाहेर माणसे उभी राहिली होती. ते पुरते ऐकून घेईपर्यंत थांबले. मला वाटले, आता म्हणतील, सही तुमची होती. म्हणाले नाहीत. कपाट उघडून त्यांनी एक जाड रजिस्टर काढले, पाने उलटली आणि माझ्यासमोर ठेवले.

तुम्हाला हे सांगायला हवे. आमच्याकडे माल नाकारला तर नुसता नाकारून चालत नाही. प्रत्येक नगापुढे तो का नाकारला ते लिहावे लागते. इतर कोणी एका कंसात सगळे नग कोंबून एकच शब्द खरडतो. त्यांनी चौतीस ओळी लिहिल्या होत्या. प्रत्येक फोटो समोर ठेवून, चष्मा कपाळावर ढकलून, त्यात काय हलले ते बघून.

मी उभ्यानेच वाचायला लागले. मग खुर्ची ओढली. त्यांनी बाहेरच्या माणसांना हाताने जायला सांगितले आणि दार लावून घेतले.

त्या पानांची झेरॉक्स त्यांनी मला दिली. पान फाडून द्या म्हटले तर "रजिस्टर फाडत न्हाईत, मॅडम." झेरॉक्सवरसुद्धा ही प्रत नोंदीसाठी ग्राह्य नाही असा लाल शिक्का मारला.

मागच्या वर्षी ते निवृत्त होऊन उदगीरकडे निघून गेले. रजिस्टर लिहिणेही बंद झाले. आता संगणकात दोषांची एक ठरीव यादी येते, तिच्यातला एक निवडायचा आणि पुढे जायचे. माल पटपट पास होतो. माझ्या बारा ओळी दुपारी चारच्या आत संपतात. दुकानातून बदलून आलेला कॅमेरा चांगला आहे. अण्णा त्याच्याकडे बघतात, पण गालाची बरी बाजू पुढे करून. त्या गृहस्थांना मी माफ केलेले नाही, स्वतःलाही नाही.

अल्बममध्ये त्या तीन फोटोंच्या समोरच्या पानावर मी झेरॉक्स लावली आहे. अक्षर बारीक आणि सरळ.

नग २२. उजवा हात मांडीवर आपटताना हलला. नाकारले.

नग २६. गाल धरला आहे. दुखते आहे तरी हसतात. नाकारले.

नग २९. स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून बघितले, लेक उभी आहे. चेहरा अर्धा. नाकारले.

नग ३१. मान मागे, तोंड पूर्ण उघडे, खालचे सगळे दात दिसतात. नाकारले.