बिनहाराचा फोटो

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महाडच्या बाजारपेठेतून चालायचं म्हणजे झेंडूतूनच चालायचं. गोणपाटावर ओतलेले पिवळे-केशरी ढीग, त्यांच्यामागे मांडी ठोकून भराभर हार ओवणाऱ्या बायका, वाटसरूंच्या पायांखाली चिरडलेल्या पाकळ्या आणि या सगळ्यावर पसरलेला तो वास. त्याला सुगंध म्हणायला माझी जीभ कधी धजली नाही. कडसर, हिरवा, दहिवरात भिजलेल्या पाल्याचा असतो तसला तो वास. एकदा फूल चुरगळलं की दिवसभर बोटांना धरून बसतो. लोक त्या वासानं सणाला लागतात. मी मात्र पिशवी सावरत, ओळखीच्यांना माना डोलावत जरा लगबगीनंच तिथून निघते. फुलवाली हाक मारते, "बाई, हार नको का?" मी म्हणते, "नको गं, सुटीच दे अर्धा किलो." दरवर्षी तीच हाक, दरवर्षी तेच उत्तर. हार मी घेत नाही. का घेत नाही, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता वय झालं, नोकरी संपली, कुणाची भीडभाड राहिली नाही, तेव्हा तुम्हाला सांगून टाकते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एस.टी. सोडून तासभर चढण चढावी तेव्हा लागणाऱ्या एका वाडीवर मी शिक्षिका होते. दोन खोल्यांची शाळा, एक गुरुजी आणि एक मी. वाडीत तरणा पुरुष औषधालाही सापडायचा नाही, सगळे मुंबईला. गणपती आणि शिमगा या दोन सणांना गाव माणसांनी भरायचं, एरवी बायका, म्हातारी आणि पोरं. हजेरी घेताना "बापूस कुठं असतो रे?" असं विचारायची सोयच नव्हती, कारण सगळ्यांचं उत्तर एकच. मुलं हुशार होती हो, पण वर्गात वाचायला होतं काय? सरकारी पाठ्यपुस्तकं आणि भिंतीवर टांगलेला, बुरशी धरलेला भारताचा नकाशा. रंगीत चित्रांचं पुस्तक त्या पोरांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

ते एका उन्हाळ्यात आलं. वाडीतला एकजण मुंबईत रद्दीच्या गोदामात कामाला होता. परदेशातून जहाजं भरून येणाऱ्या रद्दीत त्याला पाचसहा गुळगुळीत कागदाची पुस्तकं दिसली, ती त्यानं शर्टाखाली न लपवता शेठला विचारून घेतली आणि शाळेत आणून दिली. "पोरांना चित्रं बगायला व्हतील, बाई," एवढंच म्हणाला. त्याच्या त्या एका वाक्यावर मी आजही जीव ओवाळून टाकीन. अक्षरं इंग्रजीचीच होती, पण शब्द एकही लागेना. काही अक्षरांच्या डोक्यावर टिकल्या, एकावर तर चक्क लाट. गुरुजींनी चष्मा वर-खाली करून "हे पोर्तुगीज असणार," असा निकाल दिला आणि विषय संपवला. माझं पदवीपर्यंतचं इंग्रजी तिथं पालथ्या घड्यावरचं पाणी ठरलं.

पण चित्रं! सावळी माणसं, काळेभोर केस, लांब वेण्या. कौलारू घरं, अंगणात कोंबड्या, परसात मका. एक आजी तव्यावर हातानं थापलेली भाकरी टाकत होती. दुसऱ्या पानावर तीच आजी दगडावर वाटण वाटत होती, तेव्हा तिसरीतली एक मुलगी पुढं सरकून म्हणाली, "बाई, ह्यांचा पाटा आपल्यासारखाच हाय. पन ह्याला पाय हायत!" खरंच की, त्या पाट्याला तीन पाय होते. मी दहादा ते पान पाहिलं होतं, मला दिसले नव्हते. ही मुलगी अशीच होती. बारकी, दात किडलेले, केसांना कायम एकाच रंगाची रिबीन, आणि डोळे असे की काही सुटायचं नाही. तिचा बाप दोन वर्षं आला नव्हता. आधी मुंबईत वाडीतल्या सगळ्यांसोबत गावकीच्या खोलीत राहायचा, मग कुणाशी बिनसलं, खोली सोडली, कुठं तरी गुजरातेकडे बांधकामावर गेला म्हणे. पत्रंही थांबली होती. गणपतीत दारादारांत माणसं उतरायची तेव्हा ही पोर पायवाटेच्या वळणावर धोंड्यावर बसून राहायची.

शब्द कळत नाहीत म्हणून गोष्ट थांबते थोडीच? मी चित्रांवरून रचून सांगायची. त्यातल्या एका पुस्तकाचं मला फार वेड लागलं, कारण ते झेंडूनं भरलेलं होतं. आपला दसऱ्याचाच झेंडू. त्याची पहिली पानं फाटलेली, शेवटची नव्हतीच. मधल्या पानांवर ती आजी टेबल मांडत होती. मधोमध एका मिशीवाल्या माणसाचा फोटो, भोवती झेंडूच्या माळा, दिवे, भाकऱ्या, फळं, आणि फाटकापासून उंबऱ्यापर्यंत पाकळ्यांची वाट. नातवंडं हसत होती. मला काय, ते ओळखीचंच वाटलं. मी पोरांना सांगितलं, "ह्यांच्याकडे चाकरमान्यांना असं बोलावतात. फोटो मांडायचा, हार घालायचा, आवडीचं रांधायचं, फुलांची वाट करायची. मग कितीही लांब गेलेलं माणूस घर चुकत नाही." पोरांना ते इतकं आवडलं की रोज मागायची. त्या मुलीनं एकदाच विचारलं, "खरंच येतात काय गो बाई?" मी म्हणाले, "येतात तर!" बाईंना थोडंच कुणी खोटं ठरवतं?

त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्यानुभवाच्या तासाला आम्ही शाळेच्या दाराला तोरण ओवलं. त्या मुलीनं आपल्या हातानं एक छोटा हार वेगळा केला आणि म्हणाली, "बाई, ह्यो मी घरी न्हेऊ?" मी पेटीत खडू ठेवत होते. मान वरही न करता म्हणाले, "ने की." दोन शब्द. आयुष्यात इतकं बोलले, पोरांना पाढे शिकवले, सभांतून भाषणं केली, पण रात्रंदिवस डोक्यात घोळतात ते हेच दोन शब्द.

दसऱ्याच्या दुपारी तिची आई शेतावरून लोंब्या घेऊन आली तर घरात काय? बापाचा मुंबईत काढलेला फोटो खिळ्यावरून उतरवून पाटावर ठेवलेला, त्याला झेंडूचा हार, पुढं पणती, पानात नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी, आणि अंगणातून उंबऱ्यापर्यंत पाकळ्या. जिवंत माणसाच्या फोटोला हार! तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे फोटोला हार पडला याचा अर्थ एकच. त्यात सणाच्या दिवशी घरात सुकट. त्या बाईच्या पायाखालची जमीनच सरकली. तिनं हार तोडला, पान अंगणात भिरकावलं, ते कोंबड्यांनी खाल्लं, आणि पोरीला चुलीतल्या लाकडानं मारलं.

शाळा उघडली त्या दिवशी ती पोरीचं मनगट धरून आली. पोरीच्या दंडावर वळ होते. "बाई, जित्या बापाला हार घालायला हिला कुनी शिकवला, तेवढा इचारा. माज्याजवल तोंड उघडत नाय ही." गुरुजी माझ्याकडे बघत होते. मुलीनं एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिनं एकच शब्द उच्चारला असता, 'बाईंनी', तर ती सुटली असती. ती बोलली नाही. आणि मी? मी म्हणाले, "लहान आहे हो. खेळता खेळता केलं असेल. मारू नका." वा गं वा शहाणे! आठ वर्षांच्या पोरीनं मला पाठीशी घातलं आणि मी तिच्या पाठीशी उभी राहिले नाही. लाज वाटते सांगायला, पण हे असंच झालं.

शिमग्याला मुंबईकर आले आणि त्यांच्यासोबत बातमी आली, की तो माणूस गेला. कुठं परांचीवरून पडला, कुणा इस्पितळात संपला, ओळखीचं कुणी नव्हतं म्हणून तिथंच सगळं उरकलं. वाडीला दुसरं काही सुचणारच नव्हतं. पाणवठ्यावर बायका बोलायच्या, "पोरीनंच हार घालून बापाला घालवला." तोंडावर कुणी म्हणत नसे, पण हळदीकुंकवाला, बारशाला पोरीला बोलावणं बंद झालं. महिन्याभरात मामानं तिला मुंबईला नेलं, त्याचं तान्हं सांभाळायला. हजेरीपटात तिच्या नावापुढं मी 'स्थलांतरित' असं लिहिलं, आणि पेन खाली ठेवल्यावर पहिल्यांदा रडले.

पुढं पावसाळ्याच्या तोंडावर तिचा चुलता इस्पितळाचा कागद घेऊन आला. वाडीत इंग्रजी वाचणार कोण, म्हणून कागद माझ्याकडेच आला. त्यावरची तारीख श्रावणातली होती. दसऱ्याच्या दोन महिने आधीची. म्हणजे त्या पोरीनं हार घातला तेव्हा बाप जिवंत नव्हताच. मी ते तिच्या आईला सांगितलं, पुन्हा पुन्हा, बोट ठेवून दाखवलं. ती "होय काय?" एवढंच म्हणाली. वाडीतलं बोलणं मात्र कागदानं मागं फिरत नाही. आणि खरी गोष्ट, माझी गोष्ट, मी तेव्हाही सांगितली नाही.

बदली झाली, वर्षं गेली, मी महाडात स्थायिक झाले. ते झेंडूचं पुस्तक माझ्या कपाटातच होतं. दोन हजार दहा सालानंतर कधी तरी माझी भाची अमेरिकेहून आली. ती तिकडे शाळेत शिकवते, तिच्या वर्गात निम्मी मुलं मेक्सिकोकडची. पुस्तक हातात पडताच ती हरखली. "मावशी, हे तुझ्याकडे कसं? आमच्याकडची पोरं ह्याच्यावर उड्या मारतील. त्यांच्या सणाचं आहे." मग तिनं सांगितलं. तिकडे वारलेल्या माणसांना वर्षातून एकदा घरी बोलावतात. त्यांचा फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं रांधतात, झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात, म्हणजे त्या वासावर ती घर शोधत येतात. फाटलेल्या पानांवर कबरस्तान असणार, त्या सणाला करतात त्या साखरेच्या कवट्या असणार. आणि हो, हा झेंडूही मुळात त्यांच्याकडचाच, जहाजातून आपल्याकडे आलेला. ती उत्साहानं बोलत होती आणि मी पदराचं टोक पिळत बसले होते. मी खोटं म्हणून रचलेली गोष्ट अक्षर न् अक्षर खरी होती. फक्त ती जिवंतांची नव्हती. बेवारस म्हणून गेलेल्या त्या माणसाला अख्ख्या जगात एकाच ठिकाणी पान वाढलं गेलं होतं, त्याच्या लेकीच्या हातचं.

दुसऱ्याच दिवशी पुस्तक घेऊन मी वाडीवर गेले. तिची आई थकली होती, पण ओळखलं. घोंगडी टाकली, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. तिला वाचता येत नव्हतं. ती एकेक पान उलटत राहिली आणि त्या टेबलाच्या चित्रावर थांबली. बोट फिरवत म्हणाली, "भाकर पन हाय." पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "तेचं शेवटचं जेवन म्या कोंबड्यांना घातला, बाई."

मी म्हणाले, "चूक माझी होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मला ठाव व्हता ना. असल्या गोष्टी पोरांना दुसरा कोन सांगनार? पन तुमी बाई. तुमाला काय बोलनार मी? मंग हात पोरीवर चालला."

भिंतीवर तोच फोटो होता, मागं पडद्यावर रंगवलेली बाग असलेला. काच पुसलेली, कुंकू लावलेलं, पण हार नव्हता. मी न राहवून विचारलं. ती म्हणाली, "जिनं घातला तिच्या हातचा म्या तोडला. आता तिनंच घालायचा. गनपतीला येतं ती, नवऱ्याला-पोरांना घेऊन. दसऱ्याला नाय येत. तिच्या घरात झेंडू नाय चालत."

पुस्तक मी तिथंच ठेवून आले. "पोर आली की दाखवा तिला," म्हटलं. नंतर माझे गुडघे गेले, वाडीची चढण सुटली. मुलीला मी दोन पत्रं लिहिली, आईनं दिलेल्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही, आणि का यावं? पुढं कळलं की तिनं आईला मुंबईला नेलं, घराला कुलूप लागलं. वाडीवरून आलेला एकजण सांगत होता, खिडकीतून पाहिलं तर भिंतीवर खिळा तेवढा राहिलाय. म्हणजे फोटो नेला. पुस्तकही नेलं असेल. फोटोला हार पडला की नाही, हे मला कोण सांगणार?

म्हणून मी सुटी फुलं घेते. दसऱ्याला सकाळी पाकळ्या मोकळ्या करून फाटकापासून उंबऱ्यापर्यंत टाकते. शेजारीण दरवर्षी विचारते, "बाई, ही कसली हो रांगोळी?" मी म्हणते, "अशीच." बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही. एस.टी. स्टँड माझ्या घरापासून चार पावलांवर आहे. मुंबईहून पोलादपूरकडे जाणारी माणसं गाडी बदलायला तिथंच उतरतात. फाटक मी दिवसभर उघडंच ठेवते. आजवर ती आलेली नाही.