शेजाऱ्याचा नळ

हर्सूलच्या आमच्या सोसायटीत सभेला खुर्च्या मांडल्या, तरी खालच्या मजल्यावरचे एक शेजारी दाराशीच उकिडवे बसत. घराणं मेंढरं राखणारं. कुठलंही म्हणणं "व्हय का नाय?" असं विचारून संपवत आणि उत्तर मिळेपर्यंत पुढं सरकत नसत. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांशी गच्चीच्या किल्लीवरून त्यांचं जुनं वैर. दोघांचं बोलणं फक्त भांडणापुरतं.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात मास्तरांनी टँकरच्या वाटपाबद्दल तक्रार केली, म्हणून कमिटीनं त्यांचाच नळ तोडला. सभेत हा विषय निघाला. हे तरी खूश असतील, असं मला वाटलं. ते उठले.

"माझं भांडण माणसाशी हाय, त्याच्या पाण्याशी नाय. घर त्याचं, नळ त्याचा. कमिटीला तोडायचा हक्क कुणी दिला? आजच्या आज जोडायला पायजे. व्हय का नाय?"

ते उभेच राहिले. चहा निवून गेला. चेअरमननी घड्याळ पाहिलं, दाराकडं पाहिलं. दारात तेच.

"हो," चेअरमन पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्यात थांबून ऐकत होते. वर बादलीत पाणी पडायला लागलं. बादली भरत आल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "मास्तर, किल्ली कुठंय?"