मामांचा हिरवा ठिपका

जगात दोष नसलेली वस्तू अजून तयार झालेली नाही, यावर अढळ विश्वास असलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. माझ्या लेकीचे ते मामा, म्हणून आमच्या घरात, आमच्या गल्लीत आणि आता पारनेरच्या अर्ध्या बाजारपेठेतही ते मामाच. नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं ते माल तपासतात. यंत्रावरून उतरलेला नग मापात बसला तर त्यावर हिरव्या रंगाचा ठिपका, नाही बसला तर लाल. हे काम आठ तासांचं आहे असं कारखान्याला वाटतं. मामांना ते चोवीस तासांचं वाटतं. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि पँटच्या खिशात हिरव्या रंगाची इवलीशी बाटली घेऊन ते जगात वावरतात. लाल बाटली मात्र बाळगत नाहीत. "लाल तोंडानं सांगता येतं," म्हणतात.

आणि सांगतात! आमच्याकडे आले की दारातच "जयभीम, दाजी" होतो आणि पायातली चप्पल निघायच्या आत "बिजागरीचा एक स्क्रू ढिला हाय" हेही होतं. बहिणीच्या भाकरीला त्यांनी एकदा पट्टी लावली होती. "ही आन् ही, दोन्ही एकाच हातच्या का?" असं विचारल्यावर तिनं उरलेलं पीठ त्यांच्याच पुढं सरकवलं. तेव्हा त्यांनी थापलेली भाकरी परिघात अचूक होती. मध्यभागी कच्ची होती, पण ते पट्टीत दिसत नाही. तिसगावला एका लग्नात मांडवाचा खांब कलता दिसला म्हणून ते पंगतीतून उठले. नवऱ्या मुलाचा चुलता वैतागून म्हणाला, "ओ पाव्हनं, जेवाया आलाय का मोजाया?" मामा खांबाकडून नजर न हलवता म्हणाले, "मोजून झालं की जेवतो." खांब सरळ झाला तेव्हा जिलेबी संपली होती. परतीच्या वाटेवर मामा जिलेबीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, खांबाबद्दल मात्र नगर येईपर्यंत बोलले.

माझीही तपासणी झाली आहे. लग्नाची बोलणी करायला आमच्याकडे मंडळी आली, तेव्हा बाकीचे माझा पगार, शिक्षण, घरदार विचारत होते. मामा उठून दारापाशी गेले, माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "डावी टाच जास्त झिजलीय. मानूस एका बाजूला कलतो." बैठक गार पडली. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे तिच्यापासून मी इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं. मग मामांनी चपला जागेवर ठेवल्या आणि म्हणाले, "पन चालंल." त्या घरात 'चालंल' हा सर्वोच्च किताब आहे, हे मला पुढे कळलं. तरी पंचवीस वर्षांत हिरवा ठिपका काही मिळाला नाही. तो त्यांनी आमच्या गॅसच्या शेगडीला दिला, शिलाई मशीनला दिला, एकदा तर एका हापूस आंब्याला दिला. जावयाला नाही. "ठिपका दिलेला माल परत येत न्हाई, दाजी," हे त्यांचं आवडतं वाक्य. "परत येतो त्यो रिजेक्ट. तीस वर्षांत माझा एक नग माघारी आलेला न्हाई." हे सांगताना त्यांची छाती जेवढी फुगते, तेवढी ती पट्टीनं मोजायचा मोह मी दर वेळी आवरतो.

आमची प्रज्ञा इंजिनियर झाल्यावर दोन वर्षं याच मामांच्या हाताखाली कामाला होती. तिथंच तिला मोजमापाचं वेड लागलं आणि त्याच विषयात पुढं शिकायला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेशही मिळाला. घरात पेढे आले. मग कागद नीट वाचले आणि पेढे गोड लागेनात. तिकडे फी नावापुरतीच. पण वर्षभराच्या राहण्याखाण्याचा खर्च आधीच बँकेत अडकवून दाखवायचा, तेव्हा व्हिसा. सरकारी मदतीला उत्पन्नाची अट होती. माझा मास्तराचा पगार असा चमत्कारिक, की गरीब ठरायला जास्त आणि पोरीला परदेशी पाठवायला कमी. बँकेला तारण हवं होतं. माझ्याकडे तारण ठेवण्याजोगं माझं चारित्र्य होतं. मॅनेजरनं त्यात रस दाखवला नाही. तीन ठिकाणचे अर्ज नाकारले गेले. शेवटी एकच आशा उरली: तिकडच्याच एका संस्थेची, सगळा खर्च उचलणारी शिष्यवृत्ती. ती मिळाली तर प्रज्ञा जाणार, नाही तर प्रवेश सोडून देणार. त्यासाठी जिथं नोकरी केली तिथल्या वरिष्ठाचं शिफारसपत्र हवं होतं, आणि ते त्या वरिष्ठानं परस्पर संस्थेला पाठवायचं होतं. वरिष्ठ म्हणजे मामा.

मामांच्या हातून कौतुक निघणं कठीण, हे ओळखून पत्राचा मसुदा मीच लिहिला. वर्गातल्या निबंधांना मी आयुष्यभर जे शेरे मारत आलो, ते सगळे एका पानात कोंबले. असामान्य, तेजस्वी, अष्टपैलू, काहीच सोडलं नाही. स्वतःच वाचून माझे डोळे पाणावले. तो कागद घेऊन नगरला मामांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, खिशातली पेन्सिल काढली आणि एकेका शब्दाखाली बारीक रेघ ओढत गेले.

"सोळा," ते म्हणाले.

"सोळा काय?"

"इशेषनं. सोळा हायत. यातलं एकबी मी मोजलेलं न्हाई."

"अहो मामा, शिफारस अशीच करतात. सगळं जग असंच लिहितं."

"लिहू द्या. जे मोजलं न्हाई त्याच्यावर माझी सही न्हाई. सही म्हंजी काय खेळ हाय का?"

"पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"म्हनूनच म्हनतो ना, दाजी," असं म्हणून त्यांनी माझा मसुदा नीट चौघडी घालून परत दिला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको गेलो, तर मामांनी चहाबरोबर एक कागद पुढं केला. "पाठवलं. ही कॉपी. वाचा." ते पत्र नव्हतंच, कारखान्यातला तपासणीचा तक्ता होता, सोबत ऑफिसातून करून घेतलेलं इंग्रजी भाषांतर. बाब, अपेक्षित, प्रत्यक्ष, शेरा. वेळेवर येणे: अपेक्षित आठ, प्रत्यक्ष सात पन्नास, ओके. हस्ताक्षर: वाचता येत नाही, नॉट ओके. दुपारचा डबा: वारंवार विसरते, नॉट ओके. वरिष्ठांशी वागणूक: वाद घालते, दोन वर्षांत अकरा वेळा घातला. मी कप खाली ठेवला. बायकोनं माझ्या हातून कागद ओढून घेतला आणि वाचता वाचता भावावर कडाडली, "दादा, शत्रूनंबी असं लिहिलं नसतं रे!"

"पुढं वाच की."

पुढं लिहिलं होतं: अकरापैकी नऊ वेळा तिचं बरोबर निघालं, दोन वेळा माझं. आणि त्याखाली, 'विशेष नोंद'. एकदा मामांनी स्वतः ठिपका दिलेला लॉट टेम्पोत चढून गेटपर्यंत गेला होता. प्रज्ञानं धावत जाऊन टेम्पो अडवला, कारण ज्या गेजनं, म्हणजे मापाच्या साधनानं, तो माल मोजला होता तो गेजच झिजलेला आहे, असा तिला संशय आला होता. मामांनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. मग माल उतरवला, नवीन गेजनं मोजला, तर तो खरंच चुकलेला निघाला. 'सदर लॉटवर सही माझी होती,' मामांनी लिहिलं होतं. 'चूक माझी. तिने टेम्पो थांबवला नसता तर तीस वर्षांत प्रथमच माझा माल परत आला असता.'

यातलं एक अक्षरही आम्हाला माहीत नव्हतं. पोरगी बोलली नव्हती, आणि मामांनी तर बोलणं शक्यच नव्हतं. बायकोनं कागद खाली ठेवला आणि भावाला दुसरा चहा ओतून दिला. मी मात्र मास्तर. परतीच्या एसटीत मला एकच दिसत होतं, की लाखो रुपयांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात 'डबा विसरते' असं लिहून गेलं आहे.

सहा आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. आमच्याकडे वीज आणि नेटवर्क एकाच वेळी असतील याची खात्री नव्हती, म्हणून ती मामांच्या घरून लॅपटॉपवर झाली. प्रज्ञा आतल्या खोलीत, आम्ही बाहेर. दाराला कान लावून उभं राहणं मास्तराला शोभत नाही, म्हणून मी स्टूल घेऊन बसलो होतो. आतून इंग्रजी येत होतं, आणि मधेच तिकडची माणसं मोठ्यानं हसली. मी स्टूल दाराच्या आणखी जवळ सरकवलं. बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, "बाबा, सगळे प्रश्न मामांच्या पत्रावरूनच. एक बाई म्हणाल्या, आम्हाला शेकडो पत्रं येतात, त्यात सगळेच हुशार असतात. स्वतःची चूक लिहिणारा वरिष्ठ पहिल्यांदाच बघितला. अशा माणसाकडं तू शिकलीस, तर तुला आणखी काय विचारायचं?"

"आणि हसले कशाला?"

"आज डबा आणलास का, म्हणून विचारलं."

शिष्यवृत्ती मिळाली. मी पारनेरभर सांगत सुटलो; ज्यांनी विचारलं नाही त्यांना तर आधी. मामांना कारखान्यात फोन केला, तर त्यांनी आधी शेजारचं यंत्र बंद करायला लावलं. मग ते म्हणाले, "चालंल."

जायच्या दिवशी मुंबईची गाडी मामांच्या दारातून निघणार होती. मामांनी प्रज्ञाची बॅग काट्याला टांगून तोलली, चाकं फिरवून पाहिली, कुलूप दोनदा ओढलं. दोष निघाला नाही. मग खिशातून ती बाटली काढली. बॅगेवर ठिपका लावणार तोच प्रज्ञानं आपला हात पुढं केला. मामा क्षणभर घुटमळले. मग तिच्या अंगठ्याच्या नखावर, अगदी मधोमध, त्यांनी एक हिरवा ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत तिचा हात धरून उभे राहिले. तो रंग किती लवकर वाळतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तरी त्यांनी बराच वेळ धरला.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर बाटलीचं झाकण लावायचं त्यांना सुचलं नाही. मी म्हणालो, "मामा, झाकण." ते म्हणाले, "व्हय," आणि तसेच उभे राहिले. ठिपका दिलेला माल परत येत नाही, हे वाक्य त्या दिवशी दोघांनाही आठवलं असणार. 

आता दर रविवारी मामा आमच्याकडे येतात. बिजागरीचा स्क्रू, भाकरीचा घेर, काहीही न पाहता थेट फोनसमोर बसतात. पडद्यावर प्रज्ञा येते. नखावरचा ठिपका नखाबरोबर वाढून केव्हाच कापला गेला आहे. मामा चष्मा पुसून तिला निरखतात. "वाळलीस का गं? खोकला हाय का? डबा नेतीस ना?" ती हसते, म्हणते, सगळं ठीक आहे मामा, डबा रोज नेते. ते आणखी जवळ सरकतात, जणू कुठं तरी एखादा बारीकसा दोष निघेल आणि माल दुरुस्तीला माघारी मागवता येईल. निघत नाही. तीस वर्षं दोष शोधणारा हा माणूस दोष सापडला नाही म्हणून हिरमुसतो, ते मी दर रविवारी पाहतो.

"काय मामा, कसं काय?" मी फोन ठेवताना विचारतो.

"ओके हाय," ते म्हणतात, आणि पट्टी खिशात नीट सारतात.