खोट्या गावाचा नकाशा

दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण तुंगार्लीत माझ्या घराच्या व्हरांड्यात बसून एक खेळ खेळतो. खेळ सगळा बोलण्याचा आहे. चौघं एकेक पात्र घेतात, कुणी भाडोत्री तलवारबाज, कुणी झाडपाला ओळखणारी जोगीण. उरलेलं जग माझ्याकडे. डोंगर, नद्या, राजे, चोर आणि वाटेत लागणारी गावं मी रचते. ते काय करणार ते सांगतात, अडलं की फासे टाकतात आणि पुढं काय झालं ते मी सांगते. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे नकाशे काढायची हौस जुनीच.

तलवारबाज खेळणारा आमचा मित्र औषधांचं दुकान चालवतो. एका रविवारी तो फासे खाली ठेवून म्हणाला, "तुझी सगळी गावं एकच आहेत. वेस, बाजार, खाणावळ आणि सगळं ठाऊक असलेला एक म्हातारा. चार महिने आम्ही एकाच गावात फिरतोय, फक्त पाटी बदलते."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

मग मी एक वही केली आणि पहिल्या पानावर प्रश्न लिहिले. पाणी कुठून येतं? सकाळी पहिला आवाज कुठला? परक्या माणसाला कुठं बसवतात? गावाला कशाची भीती वाटते? ही वही घेऊन मी शनिवारी शाळा सुटल्यावर स्कूटरवरून मावळात फिरायला लागले. कामशेतला तांदळाच्या दुकानात मालक चार दाणे तळहातावर चोळून हुंगत होता आणि ते कुठल्या बाजूच्या खाचरातले असतील ते सांगत होता. त्यावरून मी एक गाव रचलं, जिथं वेशीवर माणसाला हुंगून तो कुठला ते ठरवतात. परंदवडीला एकाच रस्त्यावर कंपनीची बस आणि गुरं समोरासमोर आली. त्यावरून अर्धं गाव भोंग्यावर आणि अर्धं सूर्यावर चालणारं एक नगर झालं. खेळणारे खूश झाले. मलाही वाटलं, जमलं.

तिसरं गाव कामशेतहून पवनेच्या अंगाला, मुख्य रस्ता सोडून आत. त्याचं नाव लिहीत नाही. तिथं मी चार शनिवार गेले. देवळापाशी स्कूटर लावायची, विहिरीपासून शाळेपर्यंत पावलं मोजायची, ओट्यावर बसून चित्र काढायचं. एका बाईला मी विचारलं, गावाला कशाची भीती वाटते? तिने माझ्याकडे, मग वहीकडे बघितलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. मी लिहून ठेवलं, "इथे लोक उत्तर देत नाहीत. छान." आता ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

चौथ्या शनिवारी परतताना कामशेतला त्याच तांदळाच्या दुकानात थांबले. मालकाने नेहमीसारखं हसून बघितलं नाही. त्याने आपला फोन माझ्यासमोर धरला. त्यात माझा पाठमोरा फोटो होता, विहिरीच्या काठावर वाकलेली मी. खाली लिहिलं होतं, "ही बाई गावात मोजमाप करत फिरत आहे. कुणाची आहे माहीत नाही. दिसल्यास कळवा." त्याखाली माझ्या स्कूटरचा नंबर.

मालक हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कुठल्या पार्टीकडून आहात तुम्ही?"

पार्टी म्हणजे जमीन घेणारे. मी म्हटलं, कुठल्याच नाही, मी शिक्षिका आहे. त्याने मान हलवली. खोटं ऐकून घेताना हलवतात तशी.

त्या दिवसापासून मीच सगळ्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. हायवेपर्यंत माझ्या मागे मागे आलेला एक मोटरसायकलवाला घर येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. शेजारणीने सहज विचारलं की हल्ली शनिवारी कुठं असता, तर मी विषय बदलला. औषधवाल्या मित्राचे ग्राहक त्या बाजूचे बरेच. त्यानेच तर कुणाला काही सांगितलं नसेल? मी तसं विचारलंसुद्धा. तो दुखावला आणि एक रविवार आलाच नाही. उरलेल्यांनी सांगितलं, पुन्हा त्या गावात पाऊल टाकू नकोस. पण मी शाळेत शिकवते. तो फोटो फिरत फिरत एखाद्या पालकाच्या फोनवर पोचला असता तर? पुढच्या शनिवारी मी वही घेऊन गेले आणि देवळात बसलेल्या माणसांना म्हटलं, तुम्ही मला शोधताय ना, मी आले.

त्यांनी आबांना बोलावलं. आबा म्हणजे गावचे जुने पोलीस पाटील, सत्तरीपुढचे, बारीक आवाजाचे. त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग वही मागितली. एकेक पान सावकाश वाचलं. मला वाटलं होतं, वही बघितली की सगळा उलगडा होईल. झालं उलटंच. त्यांच्या गावाच्या नकाशावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "शाळा काढून टाकायची." देवळाशेजारी, "इथे काय पुरलंय ते नंतर ठरवू." आणि खालच्या आळीवर, "ही घरं रिकामी. लोक कुठे गेले?"

"ही हिर आमची हाय," नकाशातली विहीर दाखवत आबा म्हणाले.

मी म्हटलं, "आबा, हे खरं गाव नाही. खेळातलं आहे. मनाने रचलेलं."

"मंग त्यातली मान्सं कुटं घालवली तुमी?"

मी खेळ समजावून सांगायला लागले. तलवारबाज, जोगीण, फासे. जितकं सांगावं तितकं ते मलाच खोटं वाटू लागलं. आबांनी मला थांबवलं आणि सांगितलं की काही वर्षांपूर्वी दोघं जण दुर्बिणी घेऊन आले होते. पक्षी बघायला आलोय म्हणाले, गावात जेवले, फोटो काढले. पुढं दोन वर्षांत वरच्या उतारावर तारेचं कुंपण पडलं आणि गुरांची वाट बंद झाली. "ते पन चांगलंच बोलत व्हते," आबा म्हणाले.

तेवढ्यात पायरीवर उभी असलेली एक बाई पुढं आली. गावाच्या वर डोंगरात ठाकरवाडी आहे, तिथली. वय पन्नाशीचं असावं. सगळे तिला मावशी म्हणत होते. तिने वहीवर बोट ठेवलं.

"आमची वाडी न्हाई ह्यात."

खरंच नव्हती. चार शनिवारांत मी वर कधी गेलेच नव्हते. कागदाच्या त्या बाजूला गडद रंग हवा होता म्हणून तिथं मी दाट झाडी काढली होती. खरं तेच सांगितलं.

"जंगल काढलंय," ती म्हणाली. "जंगलखात्याची मान्सं आमाला पन तेच सांगत्यात. हितं जंगल हाय, तुमी कुटनं आला?"

मी म्हटलं, रविवारी माझ्या घरी या. खेळ स्वतः बघा. खोटा वाटला तर वही ठेवून घ्या, फोटो पोलिसांकडे द्या. आबांनी पत्ता लिहून घेतला आणि तो दोनदा वाचून दाखवला.

आबा आणि मावशी दोघंही आले. मी खुर्च्या दिल्या, पण मावशी बसेपर्यंत घरभर नजर फिरवत होती, कपाटावरचे गुंडाळलेले कागद मोजत असल्यासारखी. औषधवाला मित्रही त्या दिवशी परत आला होता. तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. अशा वातावरणात आम्ही खेळ सुरू केला. मी सांगितलं की चौघं डोंगर उतरून एका गावाच्या वेशीशी पोचले आहेत, तलवारबाजाच्या हातात नकाशा आहे.

मित्र म्हणाला, "आम्ही आत जातो."

"असं कसं?" मावशी खुर्चीतून म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. मी तिला म्हटलं, मावशी, ही वेस तुमची. तुम्हीच बोला.

तिने पदर सावरला आणि तलवारबाजाला विचारलं, "कुनाकडं आलाय?"

तो म्हणाला, कुणाकडे नाही, वाटसरू आहोत, एका रात्रीपुरता आसरा हवा.

"वाटसरूला नकाशा कशाला लागतो?"

त्याच्या पात्राच्या हातात नकाशा होता, हे तिने नीट ऐकलं होतं. त्याने लाच देऊ केली. मावशीने विचारलं की एवढे पैसे आहेत तर डोंगरातून चालत का आलात. त्याने राजाचं पत्र दाखवलं. मावशी म्हणाली, मला वाचता येत न्हाई आणि ज्याला येतं तो शेतावर गेलाय. अडलं म्हणून मी सवयीने फासे उचलले. आबा म्हणाले, फाशावर गाव उघडत न्हाई. मी फासे खाली ठेवले.

पाऊण तास चौघं वेशीबाहेर उभे होते. आमच्या खेळात इतका ताण कधी आला नव्हता. शेवटी जोगीण खेळणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं की ती नकाशा जमिनीवर ठेवते, मागे सरते, आणि आपण कुठल्या, आई कोण होती, घर का सोडलं, ते सांगते. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"हितंच बसा," ती म्हणाली. "पानी आनून देते. उद्या उजेडात बघू."

त्या दिवशी खेळ तिथंच थांबला. चहा झाला. आबांनी निघण्यापूर्वी माझ्यासमोर गावाच्या ग्रुपवर नवा निरोप लिहिला आणि मला वाचायला दिला, "बाई शिक्षिका आहे. घरी खेळ खेळते, प्रत्यक्ष पाहिला. तूर्त लक्ष ठेवावे." औषधवाला मित्र ते वाचून हसला, आणि माझ्याशी पहिल्यासारखं बोलायला लागला. मी त्याची माफी मागितली.

मावशीने वही मागितली. घरी नेते म्हणाली. मी क्षणभर घुटमळले. ती वही कुणाला दाखवेल, त्यातून काय अर्थ निघेल, हा विचार माझ्याही मनात आलाच. तिला तो दिसला असणार, तरी तिने पुढे केलेला हात मागे घेतला नाही. मी वही दिली.

पंधरा दिवस काही कळलं नाही. फोन करायचा धीर झाला नाही. मग एका शनिवारी तिने कामशेतच्या बाजारात मला गाठलं आणि पिशवीतून वही काढून दिली. ती म्हणाली, सून दहावी शिकलीय, तिने काढलंय. मी झाडी रंगवली होती तिथं निळ्या बॉलपेनने अकरा घरं आली होती. प्रत्येक घराला दार होतं, दारं सगळी एकाच दिशेला नव्हती. गुरांची वाट होती, उंबराचं झाड होतं आणि वाडीच्या डावीकडे एक झरा. माझ्या सगळ्या नकाशांत इतका खरा कोपरा नव्हता.

मी म्हटलं, "मावशी, हा झरा मला बघायचाय. कधी येऊ?"

"तितं न्हाई तो," ती म्हणाली. "खरा कुटं हाय ते तुमाला कशाला?"

"मग हा कुठला?"

"तुमच्या खेळातला."

ती तांदळाच्या दुकानाकडे वळली. मी तिच्या मागे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी खेळात चौघं वेस ओलांडून वर वाडीत पोचले आणि उंबराखालून डावीकडे वळून झऱ्यावर गेले. जोगिणीने विचारलं, पाणी कसं आहे? मी वहीत बघितलं. सुनेने कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "पाणी गोड. विचारलं तरी सांगू नये."

मी सांगितलं, माहीत नाही.